चित्रात नसलेला सावकार

काही चित्रपट पाहिल्याशिवायच आपल्या ओळखीचे असतात. रामायणाचे एक पानही न उघडलेल्या माणसाला शूर्पणखेच्या नाकाचे काय झाले ते ठाऊक असते. ते त्याला कोणी सांगितले, हे मात्र त्याला आठवत नाही. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या दिग्दर्शकाचा ‘अंडरवर्ल्ड’ हा १९२७ सालचा अमेरिकन मूकपट माझ्या बाबतीत असाच निघाला. १ जानेवारी २०२३ रोजी त्याचा अमेरिकेतील स्वामित्वहक्क संपला आणि तो सर्वांचा झाला. त्यानंतर एका रात्री, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून, घाटकोपरच्या माझ्या खोलीत मी तो प्रथम पाहिला. पाहता पाहता लक्षात आले, की यातले आपल्याला नवीन असे काहीच नाही. ही माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मुलुंडच्या ‘मेहुल’मध्ये पाहिली, घाटकोपरच्या ‘ओडियन’मध्ये पाहिली, गणपतीच्या मांडवामागे ताणलेल्या पडद्यावर उलट्या बाजूने बसूनही पाहिली. तेव्हा ती हिंदी बोलत होती, गाणी म्हणत होती आणि रंगीत होती, एवढाच काय तो फरक. नातवंडांशी जन्मभर खेळावे आणि आजोबांची भेट सर्वांत शेवटी व्हावी, तसा हा प्रकार.

गोष्ट साधीच आहे. बुल वीड नावाचा एक धिप्पाड गुंड रात्री बँक फोडून बाहेर पडतो. रस्त्यावर एक दारुडा ते पाहतो. हा दारुडा एके काळचा वकील. बुल त्याला मारत नाही, उलट उचलून आपल्याबरोबर नेतो, कपडेलत्ते करतो, पायांवर उभा करतो. तो तोंड उघडणार नाही अशी खात्री पटल्यावर त्याचे नाव ठेवतो ‘रोल्स रॉइस’. ती मोटार आवाज करीत नाही म्हणून. बुलची एक मैत्रीण आहे, तिचे नाव फेदर्स. ती नेहमी पिसांनी मढलेली असते, आणि तिच्या अंगावरचे एक पीस हलके हलके तरंगत खाली येते ते नेमके या वकिलाच्या हाती पडते. पुढे काय होणार ते इथेच कळते. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. पण बुलच्या उपकारांखाली दोघेही दबलेली. एका जल्लोषाच्या रात्री प्रतिस्पर्धी गुंड फेदर्सवर हात टाकतो, बुल त्याला गोळी घालतो, आणि त्याला फाशीची शिक्षा होते. तुरुंगात त्याच्या कानावर येते, की तिकडे या दोघांचे जमले आहे. संशयाने पेटून तो तुरुंगातून निसटतो. शेवटी एका घरात पोलीस त्याला घेरतात. भिंतींतून गोळ्या येत असतात, आणि त्या गोळ्यांतून जखमी होऊन वकील आत येतो. कशासाठी, तर बुलला चोरवाट मोकळी करून देण्यासाठी. बुलला तेव्हा सारे उमगते. तो त्या दोघांनाच चोरवाटेने बाहेर काढतो आणि स्वतः दार उघडून पोलिसांच्या हवाली होतो. इतकी धडपड करून तुला एक तासच जास्त मिळाला, असे पोलीस त्याला म्हणतो. बुल सांगतो, की एक गोष्ट मला जाणून घ्यायची होती, आणि तो तास मला साऱ्या आयुष्यापेक्षा मोलाचा वाटला.

हा शेवटचा तास म्हणजे या चित्राचा प्राण. आणि पुढच्या शेकडो चित्रांचाही.

कथा लिहिणारा बेन हेक्ट हा शिकागोचा जुना बातमीदार. दारूबंदीच्या काळातले गुंड त्याने जवळून पाहिलेले. दिग्दर्शक स्टर्नबर्ग १८९४ साली व्हिएन्नात जन्मलेला, गरिबीतून वर आलेला. त्याला गुंडांपेक्षा प्रकाश आणि धूर यांचे वेड अधिक. बँक फोडून आलेला बुल वाटेत एका आंधळ्या भिकाऱ्याला पैसे देतो, असे त्याने दाखवले, तेव्हा हेक्टचे डोके फिरले. माझे नाव या चित्रावरून काढा, असे तो म्हणू लागला. नाव निघाले नाही, आणि १९२९ साली झालेल्या पहिल्याच ऑस्कर समारंभात उत्तम मूळ कथेचे पारितोषिक त्यालाच मिळाले. बातमीदार म्हणून हेक्टचे खरे होते. दरोडेखोर भिकाऱ्यासाठी थांबत नाही. पण लोकांना तो थांबलेलाच हवा होता. न्यूयॉर्कमध्ये या चित्राला अशी गर्दी लोटली, की थिएटर रात्रभर उघडे ठेवावे लागले.

त्यानंतर या चित्राचे तुकडे जगभर उडाले. यात रात्रीच्या आकाशात दिव्यांची एक जाहिरात झळकते आणि हे शहर तुमचे आहे असे सांगते. पाच वर्षांनी, १९३२ साली, हॉवर्ड हॉक्सच्या ‘स्कारफेस’मध्ये तीच जाहिरात शहराऐवजी सारे जग देऊ करते, तिथेही कथा हेक्टचीच. दारुड्या वकिलाची मानखंडना करण्यासाठी एक गुंड पिकदाणीत नोट टाकतो आणि ती काढून घे म्हणतो. हॉक्सने हाच प्रसंग १९५९ च्या ‘रिओ ब्राव्हो’त पुन्हा वापरला. फार काय, अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने १९३५ साली बदमाशांच्या चरित्रकथांचे पुस्तक काढले, तेव्हा प्रस्तावनेत स्टर्नबर्गच्या सुरुवातीच्या चित्रपटांचे ऋण मान्य केले.

आमच्या उपनगरात हे वारे कोणत्या वाटेने आले, याचा माग काढत बसण्यात अर्थ नाही. पावसाचे पाणी कोणत्या कौलातून गळते ते शोधण्यासारखेच ते आहे. घर ओले झाले हे खरे. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. त्याच कंपनीचा १९४३ सालचा ‘किस्मत’. अशोककुमार त्यात खिसेकापू आहे, सिगारेट ओढतो, पोलिसांना हसतो, आणि एका अपंग मुलीच्या पायांसाठी चोरी करतो. कलकत्त्याच्या ‘रॉक्सी’त हे चित्र तीन वर्षांहून अधिक चालले. १९५१ साली ‘आवारा’ आला. न्यायाधीशाचा मुलगा चोर झाला. १९७५ साली ‘दीवार’ आला. गोदीतला हमाल तस्करांचा राजा झाला आणि आईच्या मांडीवर मेला. आणि १९९८ साली ‘सत्या’ आला, तेव्हा मी विशीच्या आत होतो. त्यातला भिकू म्हात्रे समुद्राकडे तोंड करून, मुंबईचा राजा कोण म्हणून ओरडतो, तेव्हा आमच्या थिएटरात जी शिट्टी उठली ती अजून माझ्या कानात आहे. आज मला कळते, की शिकागोच्या आकाशातली ती दिव्यांची जाहिरातच एका मराठी गुंडाच्या घशातून बाहेर पडत होती.

आता हे सारे वाईट, असे मी म्हणणार नाही. मास्तर झाल्यामुळे चित्रपटांना शिव्या देण्याचा हक्क मिळतो अशी समजूत आहे. मला तो हक्क नको. बुल वीड दार उघडून बाहेर येतो त्या क्षणी माझाही घसा दाटला. माणूस कितीही घसरला तरी त्याच्यात निष्ठेला जागा उरते, हे पाहावेसे वाटणे यात वाईट काय आहे? परंतु त्या रात्री चित्र संपल्यावर एक गोष्ट मनात सलत राहिली. या दीड तासात बुल वीड गुंड कशाने झाला, याचा एक शब्दही नाही. तो पहिल्या दृश्यात बँकेतून बाहेर पडतो तो जणू आईच्या पोटातून बाहेर पडावा तसा, तयार गुंड होऊन. त्याचे घर नाही, गाव नाही, कोणाचे देणे नाही. त्याच्या पाठीमागे काळोख आहे, आणि तो काळोख स्टर्नबर्गने फार सुंदर टिपला आहे.

मग मला आपल्याकडचा एक मूकपट आठवला. आठवला म्हणजे त्याच्याविषयी वाचलेले आठवले. १९२५ साल हे मुंबईच्या पडद्यावर गुन्ह्यांचेच होते म्हणाना. आदल्या वर्षी कोहिनूर कंपनीने ‘काला नाग’ काढला होता, तो मुंबईतल्याच एका खऱ्या खुनावर. १९२५ च्या जानेवारीत मलबार हिलवर बावला यांचा मोटारीत खून झाला, त्याचे धागे थेट इंदूरच्या गादीपर्यंत गेले, आणि वर्ष सरायच्या आत त्यावर ‘कुलीन कांता’ पडद्यावर आला. वर्तमानपत्रात वाचलेला खून चार आण्यांत डोळ्यांनी पाहण्याची सोय झाली.

त्याच वर्षी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. त्यात खून नाही, पिस्तूल नाही, मोटार नाही. एक शेतकरी आहे, एक सावकार आहे, आणि कागद आहे. त्या कागदापायी शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाला होता पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजलेला तरुण. काळोखात बुडालेली एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारा कुत्रा, असे त्यातले एक दृश्य जे. बी. एच. वाडियांच्या मनात कित्येक वर्षे राहिले होते. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट निघाले आणि त्यांतले मूठभर वाचले. ‘सावकारी पाश’ त्या मुठीत नाही. पुढे १९३६ साली बाबूरावांनी तो पुन्हा बोलपट म्हणून केला. पण तो कुत्रा मात्र गेला.

अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना ही दोन मूक चित्रे निघाली. एकात गुन्हा आहे, त्याचे कारण नाही. दुसऱ्यात कारण आहे, आणि जो गुन्हा आहे तो कायद्याला मान्य आहे. पेंटरांना हा विषय परका नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली तेव्हा त्यांना प्रथम हवे होते ते कर्जरोखे. मिळाले तिथे त्यांनी ते जाळले. तिजोरी लुटण्यापेक्षा कागद जाळण्यात ज्यांना अधिक समाधान वाटले, त्या माणसांच्या नातवांसाठी हे चित्र होते. पण जगाने उचलला तो बुल वीड. पेंटरांच्या शेतकऱ्याला कोणी उचलले नाही. ते साहजिकही आहे. कागदावर अंगठा देणारा माणूस आपण आहोत असे कोणाला वाटून घ्यायचे असते?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो मला एका विद्यार्थ्याने घातला, आणि त्याने तो घातला आहे हे त्याला आजही ठाऊक नाही.

त्याचे नाव सांगत नाही. भटवाडीच्या चढावर त्याचे घर. बाप परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे २.५ लाख माणसे बाहेर पडली, आणि तो संप मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. बापाने परळची खोली सोडली आणि तो घाटकोपरला डोंगरावर आला. कधी पहारेकरी झाला, कधी भाजी विकली. मुलगा माझ्या वर्गात आला तोवर तो अंथरुणाला खिळला होता, आणि मुलगा आठवीत असताना गेला.

पोर हुशार नव्हते, पण नकला उत्तम करी. मधल्या सुट्टीत बाकावर उभा राहून तो भिकू म्हात्रे होई. खिडकीतून समुद्र नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. तिच्याकडे हात फेकून तो शहर मागे, आणि अख्खा वर्ग टाळ्या वाजवी. दहावीला तो दोन विषयांत राहिला आणि दिसेनासा झाला. पुढे एकदा स्टेशनबाहेर भेटला. अंगात काळा शर्ट, बोटात अंगठी.

“काय करतोस रे?” मी विचारले.

“भाऊंकडे आहे सर.”

“कोण भाऊ?”

“भाऊ म्हणजे भाऊ.” तो हसला. “आपण फक्त निरोप पोचवतो.”

“कसला निरोप?”

“पैशाचा.”

त्याच्या बोलण्यात मला बढाई ऐकू आली. बढाई होतीच. पण पंधरा दिवसांनी त्याची आई शाळेत आली. चार घरची पोळ्यांची कामे करून, हाताला पीठ तसेच. तिने पिशवीतून एक चाळीस पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. “सर, एवढा हिशेब बघून द्या. मला वाटतं मी चुकतेय.”

मी वही उघडली. नवऱ्याच्या औषधासाठी तिने वस्तीतल्या एकाकडून २०,००० रुपये घेतले होते. व्याज दहा टक्के. सातवीला आम्ही सरळव्याज शिकवतो. त्या गणितात दर नेहमी दरसाल दरशेकडा असतो. इथे तो दरमहा होता. महिन्याला २,००० रुपये, तेही नुसते व्याज. छत्तीस महिने तिने न चुकता भरले होते, म्हणजे ७२,००० रुपये झाले. आणि मुद्दल? मुद्दल २०,००० जसेच्या तसे, पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले.

“तुमचं काही चुकलेलं नाही, ताई,” मी म्हणालो. बेरीज बरोबर आहे हे सांगताना इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

शेवटची काही पाने पाहिली तर तिथे रक्कमच नव्हती. महिन्याचे नाव, आणि पुढे नुसती एक आडवी रेघ. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, “आता व्याज घेत नाहीत ते. पोरगा कामाला लागला ना त्यांच्याकडे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला पगार नव्हता. आईचे व्याज बंद व्हावे म्हणून तो त्याच माणसाच्या व्याजाची वसुली करीत फिरत होता. ज्यांच्या दारात तो काळा शर्ट घालून उभा राहत होता, त्यांच्याही घरांत अशाच चाळीस पानी वह्या होत्या. शहर मागणारा तो मुलगा मनात भिकू म्हात्रे होता आणि हिशेबात बाबूराव पेंटरांचा शेतकरी. जमीन नव्हती, म्हणून त्याने स्वतःलाच गहाण ठेवले होते.

मी त्याला बोलावले, समजावले. जे मास्तर लोक बोलतात ते सारे बोललो. कायदा सांगितला, दुसरे काम सुचवले. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सर, तुम्ही सांगता ते खरं आहे. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला तुम्ही याल का आमच्याकडे दोन हजार घेऊन?” मी गप्प बसलो. एका महिन्याचे देणे मला कठीण नव्हते. पण त्याने महिना विचारला नव्हता, पहिली तारीख विचारली होती, आणि ती दर महिन्याला येते.

त्यानंतर जे झाले ते कोणत्याही चित्रात घालण्यासारखे नाही. एका संध्याकाळी तिघांनी मिळून एका देणेकऱ्याला मारले. माणसाचा हात मोडला. माझ्या विद्यार्थ्याला अठरा पुरी होऊन चार महिने झाले होते, म्हणून त्याला मोठ्यांच्या तुरुंगात जावे लागले. जामिनाला उभे राहील असे कोणी नव्हते. सात महिने तो कच्चा कैदी म्हणून आत होता. पुढे फिर्यादीने तडजोड केली आणि प्रकरण मिटले. त्या सात महिन्यांत आईचे व्याज पुन्हा सुरू झाले होते.

आणि भाऊ? भाऊंचे नाव कुठेच आले नाही. कारण कुठे कागदच नव्हता. इथे मला काळ किती बदलला ते कळले. बाबूरावांच्या सावकाराची ताकद कागदात होती. सुप्याच्या शेतकऱ्यांना निदान जाळायला काहीतरी सापडले. आजच्या सावकाराची ताकद कागद नसण्यात आहे. २०१४ साली महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा झाला. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. पण गुन्हा शाबीत करायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून त्या बाईकडे होती ती तिच्याच हाताने लिहिलेली वही. लाल शाईसुद्धा तिचीच.

‘अंडरवर्ल्ड’ पाहिला त्या रात्री मला हे सारे नव्याने दिसले. गुंडपटाने गुंडाला हृदय दिले, हे त्याचे श्रेय. आमच्या पोरालाही हृदय होते. त्याची निष्ठा बुल वीडपेक्षा तसूभर कमी नव्हती. फक्त बुलला ती दाखवायला एक तास मिळाला, आणि याला ती रोज, दारोदार, दुसऱ्यांच्या आयांपुढे हात पसरून दाखवावी लागली. पण हृदय देताना त्या चित्राने एक गोष्ट काढून घेतली. सावकाराला त्याने चित्राबाहेर उभे केले. आणि सावकार चित्रात नसला, म्हणजे गुंडाला आपण राजा असल्याचा भास होतो. मग पडद्यासमोर बसलेल्या मुलालाही तसेच वाटते. आपण वसुली करतो ती कोणासाठी, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो पाण्याच्या टाकीकडे पाहून शहर मागतो. ‘दीवार’पुरते मात्र मी वेगळे म्हणेन. त्यात बापाकडून धमकावून घेतलेली एक सही आहे, आणि त्या सहीचा डाग मुलाच्या हातावर गोंदलेला आहे. सलीम-जावेद यांनी तो कागद पुन्हा चित्रात आणला. म्हणूनच की काय, तो चित्रपट पाहताना आमच्या वस्तीतल्या बायका गुंडासाठी नव्हे, त्या आईसाठी रडत.

आता तो मुलगा मुलाचा बाप आहे. मुलुंड ते भांडुप रिक्षा चालवतो. कर्ज कसे फिटले, तेही सांगायला हवे, कारण त्यात कोणी नायक नाही. त्याच्या आईने पोळ्या करणाऱ्या अकरा बायकांचा बचत गट केला. दर महिन्याला प्रत्येकीने १०० रुपये टाकायचे. गटातून कर्ज घेतले तर व्याज शेकडा दोन. दीड वर्षाने तिने तिथून मुद्दल उचलले आणि एकरकमी नेऊन दिले. रिक्षाची सुरुवातही तिथूनच झाली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने तारीख घातली आहे, आणि खाली काही लिहिलेले नाही. आडवी रेघही नाही.

गेल्या पावसाळ्यात भर पावसात मला त्याचीच रिक्षा मिळाली. पुलाखाली पाणी साचले होते, पुढच्या गाड्या हलेनात. वेळ जावा म्हणून मी त्याला ‘अंडरवर्ल्ड’ची गोष्ट सांगितली; बँक, पीस, पिकदाणी, भिंतीतून येणाऱ्या गोळ्या, सगळी. तो आरशातून माझ्याकडे पाहत मन लावून ऐकत होता. बुल दार उघडून पोलिसांकडे जातो, इथे मी थांबलो. मला वाटले तो वाहवा करील. निदान त्या तासाविषयी काही बोलेल.

तो थोडा वेळ वायपरकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आणि ती दोघं, सर? चोरवाटेने गेली ती. तो तर वकिली सोडलेला. पुढे त्यांचं कसं चाललं?”

मी म्हणालो, “चित्रात ते दाखवलेलं नाही.”

“मग खरी गोष्ट तिथूनच पुढे असणार,” तो म्हणाला, आणि पाणी जरा ओसरलेले पाहून त्याने रिक्षा पुढे काढली.